मानाचं माप

रंगारणीचा चेहरा मोठा आहे असं कागदावर लिहून आलं, तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. तोवर तिच्या तोंडाबद्दल लोक जे काही बोलले होते ते तोंडीच. लग्न ठरताना सासू म्हणाली होती की मुलगी तोंडाने फटकळ वाटते, आणि ते खरं निघालं होतं. कारखान्याचा मुकादम तिच्या पाठीमागे तिला तोंडाळ म्हणायचा, त्यातही काही खोटं नव्हतं. पण छापील कार्डावर वय बावन्न, स्त्री, वजन चौऱ्याऐंशी किलो, चेहऱ्याची लांबी एकशे एकवीस मिलिमीटर, मास्क मोठा, अशी ओळीने लागलेली स्वतःची हजेरी तिने पहिल्यांदाच पाहिली. त्याखाली लाल शाईत लिहिलं होतं, निकाल : नापास.

शाळा सोडल्यापासून ती कशातच नापास झाली नव्हती. तिला राग आला, आणि तिला आलेला राग कधी लपत नसे.

कारखाना लोखंडी खाटांचा होता. दवाखान्यात असतात तसल्या, डोक्याकडून वरखाली होणाऱ्या खाटा. मागच्या बाजूला लांबट रंगखोली होती आणि तिथे नऊ पुरुष आणि पाच बायका रंगाच्या गन घेऊन दिवसभर उभ्या राहायच्या. गन कॉम्प्रेसरच्या नळीला जोडलेली असते, खटका दाबला की हवेच्या जोराने रंगाचा धूर सुटतो. खाटेचे गज गोल. गोल गजावर रंग मारणं म्हणजे पोरखेळ नव्हे. हात जरा रेंगाळला की ओघळ येतो, जरा घाई केली की खालचं लोखंड उघडं राहतं. माझ्या खाटेवर ओघळ दाखवा आणि बक्षीस न्या, असं रंगारीण प्रत्येक नव्या माणसाला सांगायची. तेवीस वर्षांत बक्षीस कुणी नेलं नव्हतं.

तिला हे काम ज्या म्हाताऱ्या रंगाऱ्याने शिकवलं, तो नाकाला नुसता रुमाल बांधून हयातभर फवारत राहिला आणि आता दोन जिने चढायला त्याला अर्धा तास लागत होता. मागच्या वर्षात अशी आणखी दोन-तीन माणसं निघाली, तेव्हा मोठ्या कचेरीला जाग आली. नियम आला की ज्याच्या तोंडावर मास्क घट्ट बसेल तोच रंगखोलीत जाईल. परीक्षा द्यायची, नापास झालं तर आठ दिवसांनी पुन्हा द्यायची, दुसऱ्यांदाही नापास झालं तर कायमचं पॅकिंगला. पॅकिंग म्हणजे तयार खाटांच्या पायांना पुठ्ठा गुंडाळून दोरी बांधणं. त्यात वाईट काही नाही, पण ज्या हाताने गोल गजावर आरसा उठवला त्या हाताने पुढची सहा वर्षं गाठी मारायच्या, हे रंगारणीला मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं. आणि गंमत म्हणजे नियम सगळ्यात जास्त पटला होता तो तिलाच. उशिरा का होईना यांना अक्कल आली, असं ती चारचौघांत म्हणाली होती.

परीक्षा घ्यायला मोठ्या कचेरीतून एक तरुण आला. शर्ट खोचलेला, केसांचा भांग सरळ, बोलणं इतकं मऊ की कॉम्प्रेसर चालू असताना त्याचे नुसते ओठ हलताना दिसायचे. आपसात त्याला सगळे मापवाला म्हणायला लागले आणि समोर मापवाले साहेब. तो आधी स्टीलच्या कॅलिपरने, म्हणजे दोन टोकांत वस्तू पकडून मोजायच्या पट्टीने, चेहरा मोजायचा. नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांच्या मध्ये जो खळगा असतो तिथपासून हनुवटीच्या टोकापर्यंत लांबी, आणि या गालाच्या हाडापासून त्या गालाच्या हाडापर्यंत रुंदी. वय आणि वजन विचारून घ्यायचा, कार्डावर आकडे मांडायचा आणि तक्ता बघून मध्यम किंवा मोठा मास्क हातात द्यायचा. मास्क चढवला की डोक्यावर एक पारदर्शक टोप घालायचा आणि टोपाच्या भोकातून कडू औषध फवारायचा. मास्क घट्ट असेल तर चव आत शिरत नाही. मान डावीकडे, मान उजवीकडे, वर, खाली, मोठ्याने वीसपर्यंत आकडे म्हणा. शेवटी तो विचारायचा, कडू लागतंय का?

रंगारणीने सांगितलं की कडूजहर लागतंय. पुरुषांपैकी कुणाला काही लागलं नव्हतं. राहिलेल्या चौघी बायकांनीही माना हलवून नाही म्हटलं आणि पासचं कार्ड घेऊन कामाला लागल्या. एकटी रंगारीण नापास.

घरी तिने कार्ड जेवणाच्या टेबलावर आपटलं. नवरा टर्नर होता, लेथवर लोखंड कातण्यात सगळी उमर गेलेली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती तरी घरातलं काहीही तो डोळ्यांनी मोजायचा आणि मग हाताने तपासायचा. त्याने चष्मा लावून कार्ड वाचलं, चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं, पुन्हा कार्ड वाचलं.

"एकशे एकवीस?" तो म्हणाला. "तुझा?"

"का, नसेल?"

तो आत गेला आणि फडक्यात गुंडाळलेला आपला जुना कॅलिपर घेऊन आला. तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. स्टील गार होतं, तिने अंग चोरलं, तर हलू नकोस म्हणून तिच्यावरच डाफरला. एक टोक नाकाच्या मुळाशी टेकवलं, दुसरं हनुवटीखाली नेलं आणि हाड लागेपर्यंत दाबलं. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपला चेहरा एवढ्या जवळून आणि एवढ्या गंभीरपणे कधी पाहिला होता, हे तिला आठवेना. तिला हसू येत होतं आणि हसलं तर माप चुकणार होतं.

एकशे नऊ. त्याने पुन्हा लावला, एकशे नऊ. तिसऱ्यांदाही लावला, कारण टर्नरचा दोन मापांवर विश्वास बसत नाही. एकशे नऊच.

मग तो तिला लेथवरची गोष्ट समजवावी तसं समजावत बसला. वजन वाढलं की गाल भरतात, गळ्याला वळी पडते, पण नाकापासून हनुवटीपर्यंतचं हाड काही खाल्ल्याने वाढत नाही. उलट तिने खालच्या चार दाढा काढल्यापासून जबडा थोडा वरच बसला असणार, म्हणजे वयाने लांबी घटलीच असेल. रुंद असेल तिचा चेहरा, पण लांब मुळीच नाही. आणि एकूणच बायकांचा चेहरा पुरुषांपेक्षा आखूड असतो, त्यासाठी तक्ता कशाला हवा, आरशासमोर दोघांनी उभं राहिलं तरी कळतं.

"त्याने लावला कसा होता?" त्याने विचारलं.

तिने कॅलिपर हातात घेतला आणि मापवाल्यासारखी दोन पावलं मागे सरून नवऱ्याच्या तोंडासमोर धरला. वरचं टोक भुवईच्या जरा वर, अधांतरी. खालचं टोक हनुवटीच्या खाली बोटभर, तेही अधांतरी. कुठेच टेकवला नाही.

टर्नर हसला नाही. तो हसला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने तिच्या हातातून कॅलिपर काढून घेतला आणि फडक्यात गुंडाळला.

"हे माप नव्हे," तो म्हणाला, "हा नमस्कार झाला."

तेव्हा रंगारणीच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. पुरुषांची मापं घेताना तिने मापवाल्याला पाहिलं होतं. हनुवटीला कॅलिपर रुतेपर्यंत दाबायचा. एकाची हनुवटी तर त्याने चक्क बोटांनी धरून वर केली होती. आणि बायकांची पाळी आली की हात मागे, मान खाली, 'माफ करा हं ताई' असं पुटपुटणं. त्याच्या घरचं वळण चांगलं होतं. परक्या बाईच्या तोंडाला हात लावायचा नाही, वडीलधारीच्या तर नाहीच, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं असणार. ते वळण त्याने इथेही पाळलं आणि पाच बायकांच्या चेहऱ्यांत वरची-खालची हवासुद्धा मोजून टाकली. त्याला शिव्या द्याव्यात तर माणूस सभ्य, आणि न द्याव्यात तर पोटात गेलेल्या त्या कडू चवीचं काय करायचं? रंगारणीला त्या सभ्यपणाचाच संताप आला. मुकादमाच्या खवचटपणाला उत्तर देणं सोपं होतं, इतकी वर्षं ती तेच करत आली होती. मान देऊन कुणी नुकसान केलं तर त्याला काय म्हणायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याचा कॅलिपर डब्याच्या पिशवीत घालून घेऊन गेली. जेवणाच्या सुट्टीत बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत तिने दाराला कडी लावली आणि चौघींना बाकावर ओळीने बसवलं.

आधी दोघी जावा. एका घरातल्या, एकाच वेळी कामाला लागलेल्या, आणि एकीने जे म्हटलं तेच दुसरीने म्हणायचं असा त्यांचा करार असावा. त्यांच्या कार्डात आणि खऱ्या मापात आठ आणि नऊ मिलिमीटरचा फरक निघाला. मग सुई. ही तेवीस वर्षांची, नव्याने आलेली, अंगाने इतकी बारीक की तिला दुसरं नाव शोभलंच नसतं. तिच्या कार्डावर एकशे तेरा होतं आणि निघाले एकशे सहा. सुई म्हणाली की मापवाल्याने तिच्याकडे पाहिलंच नव्हतं, खिडकीकडे बघत माप घेतलं. शेवटी काकू. काकू सत्तावन्न वर्षांच्या, सगळ्यांत जुन्या, आणि रंगारणीला सोडून सगळ्या त्यांना घाबरायच्या. त्यांच्या कार्डावर एकशे अठरा होतं. कॅलिपरवर एकशे चार आले. चौदा मिलिमीटर हवा.

"काकू, तुम्हाला सगळ्यांत जास्त मान दिलाय," रंगारीण म्हणाली.

जावा हसल्या, सुईही हसली. हिशेब तर सरळच दिसत होता. पुरुषाला मान नाही म्हणून चूक नाही. बाईला मान, वयस्कर बाईला जास्त मान, आणि अंगाने भरलेली, आवाजाने मोठी असेल तर मान अधिक धाक. जितका मान तितकी हवा. आणि मोठ्या कचेरीने आधीच्या असल्याच मापांवरून मास्क मागवलेले असणार, त्यामुळे आखूड चेहऱ्याचा लहान मास्क अख्ख्या कारखान्यात एकही नव्हता.

मग रंगारणीने विचारायचं तेच विचारलं. त्या दिवशी टोपात खरंच कुणाला कडू लागलं नव्हतं का?

हसणं थांबलं. सुई नखांवरचा रंग खरवडू लागली. थोरल्या जावेने धाकटीकडे पाहिलं, धाकटीने दाराच्या कडीकडे. शेवटी सुई हळूच म्हणाली की तिला वाटलं होतं ते औषध तसंच असतं, सगळ्यांनाच थोडं लागत असेल, आणि मुकादमाने आधीच सांगून ठेवलं होतं की नाही म्हणायचं, विषय संपला. जावांनाही त्याने तेच सांगितलं होतं. धाकटी म्हणाली की घरी जाऊन तिने तीनदा गूळ खाल्ला तरी जीभ कडूच होती.

"मला काहीही लागलं नव्हतं," काकू म्हणाल्या.

"काकू."

"नाही म्हटलं ना. माझे तीन महिने राहिलेत. एकोणतीस वर्षं या खोलीत काढली, मी या खोलीतूनच निवृत्त होणार. पुठ्ठे बांधता बांधता नाही. आणि तूही उगाच हरिश्चंद्राचा अवतार होऊ नकोस. बायकांनी कमी कडू गिळलंय का आजवर? त्यात एक घोट आणखी."

काकूंनी डबा बंद केला, कडी काढली आणि निघून गेल्या. रंगारणीला फार वाईट वाटलं. काकूंचा राग आला असता तर सोपं झालं असतं, पण तिला त्यांचं म्हणणं समजत होतं, तेच अवघड होतं. तिने बाकीच्या तिघींना सांगितलं की कुणावर जबरदस्ती नाही. तोंड ज्याचं त्याचं, आपण फक्त आपल्या तोंडाबद्दल बोलणार.

पुढचे पाच दिवस मुकादम तिच्या आजूबाजूला घोटाळत राहिला. एरवी तिच्याशी भांडल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे, आता मात्र तोंडातून साखर सांडत होती. एका मोठ्या दवाखान्याच्या साठ खाटा द्यायच्या होत्या आणि गोल गजावर रंगारणीसारखा हात कुणाचा नव्हता, हे त्याला पक्कं माहीत होतं. शेवटच्या दिवशी तो तिच्याजवळ येऊन म्हणाला की ताई, एवढं काय आहे, परवा विचारतील तेव्हा नाही म्हणा. एक शब्द. मग मास्क घाला नाहीतर गळ्यात लटकवून ठेवा, कोण बघतंय. रंगारणीने त्या आठ दिवसांपुरतं वाट्याला आलेलं गज घासायचं काम न थांबवता विचारलं की तिच्या उस्तादाच्या घरी तो शेवटचा कधी गेला होता. मुकादम म्हणाला की वेळच मिळत नाही. जाऊन या, ती म्हणाली, जिन्यात गाठ पडेल, तो तिथेच दम खात बसलेला असतो. मुकादम तिथून निघून गेला.

परीक्षा सामानाच्या खोलीत होती. रंगखोलीला लागूनच ती खोली, मध्ये जाळीची खिडकी. टेबलावर टोप, औषधाची बाटली, मास्कची खोकी, कार्डांचा गठ्ठा. मापवाला खुर्चीत, मुकादम भिंतीला टेकून. जेवणाची सुट्टी नुकतीच सुरू झाली होती आणि खिडकीच्या पलीकडे बाकीच्या बायका डबे न उघडता उभ्या होत्या. मापवाल्याने मोठा मास्क पुढे केला. रंगारणीने तो हातात घेतलाच नाही.

"आधी पुन्हा माप घ्या."

मापवाला म्हणाला की माप कार्डावर आहे. ती म्हणाली की कार्डावर आहे ते तिचं नाही. त्याने मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने खांदे उडवले, एवढ्याने पटकन मिटत असेल तर मिटू दे असा त्याचा चेहरा होता. मापवाल्याने कॅलिपर उचलला, उभा राहिला आणि सवयीने दोन पावलं मागे सरला. कॅलिपर पुन्हा तिच्या तोंडासमोर हवेत.

"जवळ या," रंगारीण म्हणाली.

"ताई, तुम्ही मला आईसारख्या. असं कसं..."

"आईसारखी आहे ना? मग ऐका. तुम्ही मला मान दिलात, त्यापायी मी आठ दिवस नापास म्हणून फिरतेय. या चौघी विषारी धूर छातीत घेतायत. तुमचा मान आम्हाला फार महाग पडला, साहेब. मान नको. माप घ्या."

तिने त्याचं मनगट धरलं आणि कॅलिपरचं टोक स्वतःच्या हनुवटीखाली हाड लागेपर्यंत दाबलं. काय आहे ते मोठ्याने वाचा, असं तिने सांगितलं. त्याने वाचलं, एकशे नऊ. मग त्याने कार्ड पाहिलं, पुन्हा कॅलिपर पाहिला, खिडकीतल्या चार चेहऱ्यांकडे पाहिलं. काय झालंय हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं. त्या वेळी कुणी त्याचं माप घेतलं असतं, तर त्याच्यासाठीही लहान मास्क मागवावा लागला असता.

तो खरंच सभ्य होता, कारण त्याने सारवासारव केली नाही. चूक माझी आहे, असं तो त्याच्या त्या मऊ आवाजात म्हणाला, आणि कॉम्प्रेसर सुट्टीतही चालूच होता तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं. पण लहान मास्क नाहीत, मागवले तर यायला दोन आठवडे लागतील, हेही त्याने सांगितलं.

इथे मुकादम भिंतीपासून सुटा झाला. त्याच्या मते हे सगळं ठीकच होतं, माप नवीन लिहून घ्या, चूक झाली अशी नोंद करा, पण परीक्षेचा दिवस आजचा आहे तर परीक्षा आज होईल. आहे त्यातला मध्यम मास्क द्या. बोलता बोलता त्याने रंगारणीकडे असं पाहिलं की त्या बघण्यात तो एक शब्द चक्क लिहिलेला होता.

रंगारणीने मध्यम मास्क चढवला. टोप डोक्यावर आला. आतून सगळं धुकट दिसत होतं, स्वतःचाच श्वास कानात वाजत होता. मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. ती आकडे म्हणू लागली आणि सातावर पोचेपर्यंत हनुवटीच्या फटीतून ती चव आली, जिभेच्या मुळापर्यंत गेली. ती वीसपर्यंत म्हणत राहिली. तिला भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. तेवीस वर्षं 'नाही' या एका शब्दावर टिकत होती. फक्त मान हलवायची होती, चौघींनी हलवली तशी, आणि संध्याकाळी ती पुन्हा आपल्या गजांसमोर उभी राहिली असती.

"कडू लागतंय का?" मापवाल्याने विचारलं.

"लागतंय."

मुकादमाने हवेत हात झाडला. टोप निघाला. त्याने स्वतःच लाल पेन उचललं, कार्डावर दुसऱ्यांदा नापास लिहिलं आणि सहीसाठी तिच्यासमोर सरकवलं. सही केली की सोमवारपासून पॅकिंग.

"मी सही करणार नाही," रंगारीण म्हणाली. "मी नापास नाही. मास्क नापास झालाय. तसं लिहा, आत्ता सही करते."

तसा रकाना नाही, मुकादम म्हणाला. मग पाडा, ती म्हणाली. तो म्हणाला की एका बाईसाठी अख्ख्या कंपनीचं कार्ड बदलायचं का? बाकी सगळ्यांना बसतोय मास्क, चौघी बायका पास आहेत, हिच्याच तोंडाचं काय एवढं वेगळं आहे?

दार उघडून सुई आत आली. तिने बरंच काही बोलायचं ठरवून ठेवलेलं असणार. ती टेबलापाशी गेली, आपलं पासचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि एवढंच म्हणाली की मलाही लागलं होतं. मुकादमाने तिला दटावलं की विचारलं तेव्हा काय सांगितलं होतंस, तर ती म्हणाली, तुम्ही सांगितलंत तेच. मग थोरली जाऊ आली, आणि थोरली आली म्हणजे धाकटी आलीच. दोन कार्डं सुईच्या कार्डावर पडली.

मुकादमाचा आवाज चढला. चार गन बंद पडल्या तर साठ खाटा कोण रंगवणार, असं त्याने विचारलं. बसतील असे मास्क आले की आम्हीच रंगवू, रंगारीण म्हणाली, आणि तोवर आम्ही रंगखोलीच्या दारात बसू. पॅकिंगला जाणार नाही आणि आतही जाणार नाही. मुकादमाने एकदम खिडकीकडे वळून शेवटच्या आशेने हाक मारली.

"काकू, तुम्ही तरी सांगा यांना. तुम्हाला नाही ना काही लागलं?"

काकू अजून खिडकीच्या पलीकडेच होत्या. त्या लगेच आल्या नाहीत. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं, रंगारणीने तर मुद्दाम मान फिरवली होती, कारण आपल्या बघण्याने काकूंवर जोर पडू नये असं तिला वाटत होतं. तीन महिने म्हणजे तीन महिने. काकूंनी न येणंही तिला मान्य होतं. मग चपलांचा आवाज आला. काकू दारातून आत आल्या, मुकादमासमोरून गेल्या आणि कार्ड टेबलावर ठेवायच्या ऐवजी त्यांनी मधून फाडलं, दोन तुकडे केले आणि ते गठ्ठ्यावर ठेवले.

मुकादम म्हणाला, "काकू, तुमचे तीनच महिने राहिलेत."

"माझे किती राहिलेत ते मला माहीत आहे. या पोरीची पस्तीस वर्षं राहिलीत," काकू म्हणाल्या आणि सुईच्या पाठीवर हात ठेवला.

त्यांनी भिंतीजवळचं स्टूल पायाने ओढलं, मापवाल्याच्या खुर्चीसमोर ठेवलं आणि त्यावर बसल्या. डोक्यावरचा रुमाल सोडला. एवढ्या वर्षांचा खाटांचा पांढरा रंग केसांच्या मुळाशी बसलेला दिसत होता. मापवाल्याने नवं कोरं कार्ड घेतलं, कॅलिपर उचलला, आणि या वेळी तो दोन पावलं पुढे आला. काकूंनी हनुवटी वर केली. त्याने टोक हाडापर्यंत नेऊन टेकवलं. त्याने हात मागे घेतला नाही.

"एकशे चार," तो म्हणाला.

"लिही," काकू म्हणाल्या.